अडलं तिथे रेघ मार

पाच जणांच्या वहीचे पाच फोटो आले होते आणि पाचही फोटोंत अंगठा एकच होता. डाव्या हाताचा, नखाखाली रक्त साकळून काळा पडलेला, पान वाऱ्याने उडू नये म्हणून वहीच्या कोपऱ्यावर दाबून धरलेला. पाच वेगळ्या नंबरांवरून, पाच नावांनी, दहा-पंधरा मिनिटांत एकामागून एक पडलेले फोटो. एक जरा वरून काढलेला, एक तिरका, एकात पानावर पावसाचा थेंब आणि पुढच्यात तोच थेंब पसरून शाई फुटलेली. उत्तर पाचही ठिकाणी तेच, एक्स बरोबर ०, वाय बरोबर ९. साफ चुकीचं.

जुलै २०२० ची गोष्ट. मी रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दहावीचा वर्ग माझ्याकडे होता, पटावर ३४ मुलं. बीजगणिताचा पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणं. ३ एक्स अधिक २ वाय बरोबर १८, आणि ३ एक्स वजा वाय बरोबर ९. वरच्यातून खालचं वजा केलं की एक्स जातो आणि वाय उरतो, आणि नेमकं इथेच दरवर्षी निम्मा वर्ग पडतो, कारण वजा वाय वजा करताना चिन्ह बदलायचं असतं, २ वाय मधून वजा वाय गेला की ३ वाय होतात, पोरं एकच वाय ठेवतात आणि ९ वर जाऊन बसतात. खरं उत्तर एक्स ४ आणि वाय ३. वर्गात असतो तर हे अर्ध्या मिनिटाचं काम. बाकांमधून फिरताना कोणाचं पेन कुठे थांबलंय ते दिसतं, मागून वाकून त्या चिन्हावर नुसतं बोट ठेवलं तरी पोर जीभ चावतं आणि खोडरबर शोधायला लागतं, एक शब्द बोलावा लागत नाही.

पण मी घरात ओट्याजवळ स्टुलावर बसलेले, हातात मोबाईल, स्टोरेज फुल झाल्याचा मेसेज वर येतोय, सकाळपासून तेवीस फोटो तपासून झालेत, आणि हे पाच अंगठे. माझं डोकं फिरलं. मी वर्गाच्या ग्रुपवर पाचही जणांची नावं टाकून लिहिलं की तुम्हाला फसवायचंय कोणाला, मला की स्वतःला, आणि अजून एक वाक्य लिहिलं जे इथे लिहायला मला आजही जड जातं. त्या ग्रुपवर मुलांचे नंबर नव्हते, मुलांकडे नंबर होतेच कुठे, ते सगळे आईबापांचे, काकांचे, मोठ्या भावांचे नंबर होते, म्हणजे मी जे लिहिलं ते अख्ख्या वाडीने वाचलं. त्यानंतर नऊ दिवस त्या वाडीवरून एकही फोटो आला नाही. मला वाटलं, बरं झालं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसलेत.

त्या दिवसांत आमच्याकडे काय चाललं होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते समोर रायगडात श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर आलं, पण आमच्यात आणि त्यांच्यात फक्त बाणकोटची खाडी, वादळाला खाडी काय अडवणार. सुपारी, नारळ, आंबा, काजू, कौलं, पत्रे, विजेचे खांब, काही शिल्लक ठेवलं नाही. काही वाड्यांवर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फोन चार्ज करायला माणसं बाजारपेठेत जनरेटर असलेल्या दुकानात रांग लावायची. त्याआधी मे महिनाभर चाकरमानी मुंबईहून येत होते, शाळांचे वर्ग त्यांच्या क्वारंटाइनसाठी दिलेले, ज्या फळ्यावर मी मार्चमध्ये दहावीच्या आधीच्या बॅचला भूमितीची शेवटची उजळणी घेतली होती त्याच्यापुढे सतरंज्या पसरलेल्या. त्या बॅचचा भूगोलाचा पेपर तर झालाच नाही, आधी पुढे ढकलला आणि मग रद्द केला. आणि अशात १५ जून उजाडला, शाळा बंद पण शिक्षण सुरू. पुस्तकांच्या पीडीएफ आल्या, दीक्षा ॲप आलं, टीव्हीवर सह्याद्री वाहिनीला पहिली ते आठवीसाठी टिलीमिली लागायला लागलं, माझा धाकटा ते बघायचा. कोणी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही, खूप जणांनी खूप केलं. पण वाडीवर वीज नाही आणि ग्रुपवर लिंक पडलेली, हे एकाच सकाळचं चित्र होतं.

२०२० च्या असर या देशभरच्या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या अहवालात आकडा होता की ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी जवळजवळ ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, २०१८ मध्ये हेच प्रमाण साधारण ३६ टक्के होतं. म्हणजे दोन वर्षांत केवढी उडी, लोकांनी पोटाला चिमटा काढून, कर्ज काढून फोन घेतले असणार. पण घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात फोन असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फोन बापाच्या खिशात असतो, बाप शेतात नाहीतर बोटीवर नाहीतर गवंडीकामावर असतो आणि संध्याकाळी सातला घरी येतो. आणि फोन हातात आला तरी रेंज? आमच्या इथे वाड्या खोलगट भागात, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने वसलेल्या, रेंज वर सड्यावर. सडा म्हणजे उघडा कातळ, जुलैमध्ये तिथे उभं राहून बघा, पाऊस आडवा येतो, छत्री उलटी होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला शाळेतून आठवीपर्यंतच्या मुलांना पोषण आहाराचं कोरडं धान्य वाटायचं होतं, त्यासाठी मी आणि आमचे एक सर त्या वाडीवर गेलो. एका घराच्या पडवीत तांदूळ मोजत होतो तर घरातली बाई म्हणाली, बाई तुम्हीच ना गणिताच्या, आमचा पोरगा दहावीला हाय. मी म्हटलं मग कुठे आहे, हल्ली काही पाठवत नाही. ती जरा घुटमळली आणि मग एका दमात बोलली. लावणी चालू होती, बाकीची चौघं चिखलात, दोघी मुलींना तर सड्यावर एकटं पाठवत नाहीत, म्हणून हा रोज दुपारी पाचही घरांतले फोन दुधाच्या पिशवीत बांधून घेऊन सड्यावर जायचा, सगळ्यांचे मेसेज उतरवून घ्यायचा, खाली येऊन ज्याचा त्याला फोन द्यायचा, परत दुसऱ्या दिवशी वर. त्या दिवशी चौघांचा अभ्यास झाला नव्हता आणि बाईंनी सांगितलेलं पाचच्या आत पाठवा. मग याने स्वतःची वही कातळावर ठेवली आणि पाचही फोनांनी फोटो काढले. ‘चढताना दगडावर हात आपटून नख फोडून घेतलंन, तरी गेला,’ ती म्हणाली.

तो दाराआड उभा होता. मी बघितल्यावर त्याने हात पाठीमागे घेतला.

मी तेव्हा काय बोलले ते मला नीट आठवत नाही, तांदूळ मोजत राहिले एवढं आठवतं. त्याने केलं ते बरोबर होतं असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. चार जणांचं गणित त्याने केल्याने त्या चौघांना गणित आलं नाही, आणि त्याचं स्वतःचंच चुकलेलं असल्यामुळे पाच जणांना चुकीचं आलं. पण मीसुद्धा फोटोवर लाल खूण करून, वजा वाय वजा करताना काय होतं बघ, एवढं एक वाक्य लिहिलं नव्हतं. पाच अंगठे मला दिसले आणि चुकलेलं चिन्ह पाचही वेळा माझ्या डोळ्यांखालून गेलं. म्हणजे शिकवायचं काम दोघांनीही केलं नाही, त्याने फोटो पाठवायचं काम केलं आणि मी फोटो मोजायचं.

याच्या नंतरच्याच आठवड्यात एक गोष्ट घडली, आणि ती घडली नसती तर मी कदाचित नुसती वाईट वाटून घेऊन बसले असते. आम्हा शिक्षकांना तेव्हा वेबिनारांचा पूर आला होता, ऑनलाइन कसं शिकवावं हे शिकवणारे वेबिनार. मी दुपारी जॉइन झाले, कॅमेरा बंद, आवाज म्यूट, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. समोर एक गृहस्थ फार तळमळीने बोलत होते, तयारी करून आले होते, दिसत होतं ते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी कोणी सांगेल का, तुमच्या वर्गात असं झालंय का कधी? आणि शांतता. शंभरावर शिक्षक होते त्या मीटिंगमध्ये. ते पुन्हा म्हणाले, कोणीही सांगा, चॅटमध्ये लिहिलं तरी चालेल. मला सांगण्यासारखं होतं, पाच अंगठ्यांची ताजी जखम होती माझ्याकडे, पण माझे हात पिठाचे होते, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं दुसरं कोणीतरी बोलेल. ते चार-पाच सेकंद थांबले, त्यांचा चेहरा किंचित पडला, ठीक आहे म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. शेवटी लिंक आली, गुगल फॉर्म भरला, ई-सर्टिफिकेट आलं. माझ्याकडे ते अजून आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तो पडलेला चेहरा माझा होता, मी रोज सकाळी तोच चेहरा घेऊन गुगल मीटवर बसत होते. कळलं का रे? शांतता. आवाज येतोय का? एक जण लिहितो, यस मॅम. बाकी काळे चौकोन, कोणाच्या डीपीला शिवाजी महाराज, कोणाच्या फुलं, कोणाच्या वडिलांचा लग्नातला फोटो. आणि तास संपल्यावर मी चला मुलांनो म्हणायचे, बरेचसे निघून जायचे आणि पाच-सहा नावं तशीच राहायची, दहा मिनिटं झाली तरी राहायची, कारण त्यांच्यामागे कोणी नव्हतंच. ही मुलं सड्यावरची नव्हेत हां, ही बाजारपेठेतली, घरात वायफाय असलेली, ज्यांच्या आईबापांनी हप्त्यावर नवीन फोन घेऊन दिला होता. हे सांगायलाच हवं. गरिबी, रेंज, वादळ हे सगळं खरं, पण सगळ्यांनाच ते कारण नव्हतं. ज्यांना सगळं होतं त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांनी लिंकला टिचकी मारणं म्हणजेच शाळेत जाणं असं धरलं होतं. आणि मी, सर्टिफिकेटवाली, त्यांच्यातच मोडत होते.

लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्हाला हुंकार द्यावा लागायचा. एका वाक्याला एक हूं. हूं थांबला की ती गोष्ट थांबवायची, झोपलात वाटतं, मग उद्या. आम्ही डोळे जड झाले तरी हूं करायचो कारण राक्षसाच्या गुहेत राजपुत्राला सोडून कोण झोपणार. पण आजीचीही एक रीत होती, ती प्रत्येक वाक्यानंतर हुंकारापुरती जागा सोडायची, सलग बोलत सुटायची नाही. अंधारात, माजघरात, दिवा बारीक केलेला, आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो, फक्त तिचं वाक्य आणि आमचा हूं एवढ्यावर ती गोष्ट चालायची. मला त्या रात्री हे आठवलं आणि वाटलं की बाई, न दिसणाऱ्या माणसाला सांगायची विद्या तुझ्या घरातच होती की. मी जागाच सोडत नव्हते. पंचेचाळीस मिनिटांत धडा रेटायचा म्हणून सुसाट बोलायचे, मध्ये कळलं का एवढं टाकायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे. आणि मुलांना कोणी सांगितलंच नव्हतं की हुंकार देणं हे त्यांचं काम आहे, त्यांच्याशिवाय गोष्ट पुढे जाणार नाही.

मग मी ग्रुपवर आधी माफी मागितली. पाचही जणांची नावं घेऊन, कारण रागावताना नावं घेतली होती. आवाज रेकॉर्ड करून पाठवला, लिहून नाही, कारण आयांना वाचायचा कंटाळा असतो पण आवाज त्या ऐकतात. आणि मग मी मुलांना विचारलं की आपण कसं करायचं ते ठरवू या का. एका दिवसात ठरलं नाही, आठ-दहा दिवस लागले, निम्म्या गोष्टी फसल्या. व्हिडिओ बंद केले, ते डेटा खातात, त्याऐवजी तीन मिनिटांचा आवाज आणि फळ्यासारखा एक फोटो. दहा गणितांऐवजी रोज एकच गणित, पण ते ज्याचं त्याने करायचं. पाचच्या आत ही अट काढली, रात्री बारापर्यंत कधीही पाठवा, बाप घरी आल्यावर पाठवा. कॅमेऱ्याची सक्ती मी आधी एक-दोनदा केली होती, ती पूर्ण सोडली, एका खोलीत सहा माणसं राहतात तिथल्या मुलीने मागचं काय काय लपवायचं.

आणि एक गोष्ट अशी ठरली जी त्यातली सगळ्यात चांगली निघाली. मी म्हटलं, गणित पूर्ण नाही झालं तरी चालेल, चुकलं तरी चालेल, कोणाचं बघून केलंत तरी एक वेळ चालेल, पण जिथे तुम्हाला कळेनासं झालं तिथे पानावर आडवी रेघ मारायची. अडलं तिथे रेघ मार. रेघेच्या वर तुझं, रेघेच्या खाली माझं. रेघ आली की मी त्याच रात्री त्या ओळीपासून पुढे लिहून पाठवणार, कितीही वाजू देत. आणि रेघ न मारता नुसतं उत्तर आलं तर मी ते तपासणार नाही.

सुरुवातीला कोणी रेघ मारेना. मला नंतर कळलं की रेघ मारायला धाडस लागतं. मला येत नाही हे वर्गात सांगणं वेगळं, तिथे बाजूचाही हसतो आणि विषय संपतो, पण कागदावर रेघ मारून फोटो काढून पाठवणं म्हणजे कबुलीजबाब लिहून दिल्यासारखं. पहिली रेघ आली ती एका मुलीची, आणि ती दुसऱ्याच ओळीखाली होती. म्हणजे समीकरण उतरवून घेतल्यावर लगेच. मी बघतच राहिले. वर्षभर ती माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसत होती, नववीत, मान डोलवायची, वही स्वच्छ असायची, आणि तिला चल म्हणजे काय हेच कळलेलं नव्हतं. समोरासमोरच्या वर्गाचे गोडवे गाणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. माझ्या डोळ्यांसमोर बसलेली मुलगी मला दिसली नव्हती आणि त्या एका रेघेत दिसली. तिला मी त्या रात्री लिहून पाठवलं, मग दुसऱ्या दिवशी फोन केला, आई शेजारी बसलेली, आणि आम्ही दोघींनी एक्सला नारळ आणि वायला सुपारी म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली.

मग रेघा यायला लागल्या. रोज सात, आठ, कधी चौदा. चिन्हाजवळच्या रेघा तर ढिगाने. मला फळ्यावर जे वीस वर्षांत कळलं नव्हतं ते कळायला लागलं, की पोरं नेमकी कुठे अडतात, मला वाटायचं त्याच्या एक पायरी आधीच. रात्रीचे साडेअकरा वाजायचे, घरच्यांची बोलणी खावी लागायची, डोळे चुरचुरायचे. कोणी म्हणेल शिक्षकांना पगार मिळतोच की. मिळतो. पण रात्री अकराला उत्तर देणं हे पगारात बसवता येत नाही आणि सड्यावर भिजत उभं राहणं हे हजेरीत मांडता येत नाही, दोन्हीकडून जरा जास्तीचं दिल्याशिवाय ते वर्ष निघत नव्हतं. एका बाजूने सोडलं असतं तर दुसरी बाजू चार दिवसांत थकली असती, हे मी अगदी खात्रीने सांगते, कारण ज्या आठवड्यात मी सर्वेक्षणाच्या ड्युटीमुळे उत्तरं देऊ शकले नाही त्या आठवड्यात रेघा निम्म्यावर आल्या, आणि ज्या दोन-तीन मुलांना मी रोज रात्री न चुकता लिहून पाठवत होते पण ती ते उघडूनही बघत नव्हती, निळी टिकच यायची नाही, त्यांच्यासाठी लिहिताना माझाही हात पुढे पुढे आखडायला लागला. तसं व्हायला नको होतं, पण झालं.

माझी आई मुक्त विद्यापीठाची बीए. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाने ते सुरू झालं, आणि नव्वदीच्या दशकात आईने आधी पूर्वतयारी आणि मग बीए केलं, चाळिशीला आलेली असताना. रविवारी एसटीने संपर्क सत्राला जायची, बाकी सगळं घरात, चुलीपुढे पुस्तक. तिच्या वह्या मी अजून जपून ठेवल्यात. त्यांच्यावर समंत्रकांनी, म्हणजे संपर्क सत्रात शिकवणाऱ्या शिक्षकांनी, लाल शाईने लिहिलेलं आहे, नुसते मार्क नाहीत. एका ठिकाणी लिहिलंय, ‘हा मुद्दा तुमच्या अनुभवातून आलेला दिसतो, अजून लिहा.’ आई ते वाक्य मला कितीदा तरी वाचून दाखवायची. तिने तो समंत्रक आयुष्यात चार-सहा वेळाच बघितला असेल. लांबून शिकणं आपल्याकडे काही मोबाईलने आणलेलं नाही, ज्ञानगंगा घरोघरी हे त्या विद्यापीठाचं ब्रीदच आहे, आणि आईच्या घरी ती गंगा आली ती त्या लाल शाईतून आली असं मला वाटतं. आणि आईचीही बाजू होती. तिने एकही स्वाध्याय कोणाचा बघून उतरवला नाही, शेजारच्या काकू तयार उत्तरं देत होत्या तरी. मी विचारलं होतं का नाही घेतलीस, तर म्हणाली, मग ते माझ्याशी थोडीच बोलले असते, काकूंशी बोलले असते.

नोव्हेंबरच्या २३ तारखेपासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली, आमच्याकडे जरा मागेपुढे झालं, आम्ही आरटीपीसीआर करून घेतली, एका बाकावर एक मूल. सगळे मास्क लावून बसलेले, अर्धे चेहरे ओळखू येईनात, वाढले पण होते. मी फळ्यावर वर्गसमीकरण लिहून बाकांमधून फिरायला लागले आणि एका वहीच्या कोपऱ्यावर तो अंगठा दिसला, नख नवीन आलेलं, मुळाशी थोडं वाकडं. मी काही बोलले नाही. त्याने वर न बघता तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लावायचा तो असा, नववीच्या मार्कांना ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३०, गृहपाठ, तोंडी, प्रात्यक्षिकाला २०. आणि त्या मुलांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षासुद्धा लॉकडाऊनने खाल्ली होती. म्हणजे रात्री अकराला आलेले ते ओले, तिरके फोटो अचानक बोर्डाचे मार्क झाले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. गावात पेढे वाटले गेले आणि कोणी कोणी म्हणालं पण, ही कोविड बॅच, यांना फुकटचे मार्क. मला ते फार लागलं आणि अजूनही लागतं. काहींना मिळाले फुकटचे, हो, मी स्वतः दिलेत, रिकाम्या चौकोनांनाही पास करावं लागलं. पण ज्या मुलीने दुसऱ्या ओळीखाली रेघ मारली आणि डिसेंबरपर्यंत एकटीने समीकरणं सोडवायला लागली तिच्या ६१ मार्कांत एकही मार्क फुकटचा नव्हता. तिला आणि नुसत्या फॉरवर्डवाल्याला गुणपत्रिकेत शेजारी शेजारी बसवलं गेलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता शाळा रोजची भरते. पण ऑनलाइन शिकणं काही गेलं नाही, उलट वाढलं. कॉलेजची पोरं यूट्यूबवर दुप्पट वेगाने लेक्चर बघतात, ॲपवर हजारोंचे कोर्स घेतात, कंपनीत लागलेली मुलं रात्री मोबाईलवर डिग्री करतात. चांगलंच आहे, आमच्या तालुक्यातल्या पोरांना घर न सोडता एवढं कधी मिळालं होतं. मी स्वतः रविवारी रात्री माझ्या जुन्या मुलांसाठी तासभर मीटवर बसते, येतील तेवढे येतात. नियम एकच ठेवलाय, मी एक पायरी लिहिली की थांबते आणि पुढची पायरी कोणीतरी सांगितल्याशिवाय लिहीत नाही. कधी कधी अख्खा मिनिट शांतता असते. पूर्वी मला ती सहन व्हायची नाही, आता मी पेन खाली ठेवून बसते.

तो अंगठ्यावाला मुलगा आता लोट्याला एमआयडीसीत आहे, शिफ्टमध्ये. एका ठिकाणी लांबून बीकॉम करतोय, सगळं मोबाईलवर, रेकॉर्ड केलेली लेक्चरं, स्वाध्याय पोर्टलवर अपलोड करायचे. गेल्या रविवारी तास संपल्यावर सगळे गेले तरी त्याचं नाव तसंच राहिलं. मी म्हटलं अरे आहेस का झोपलास. ‘आहे बाई,’ म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, तुमच्या आईने असंच घरून केलेलं ना, तेव्हा स्वाध्याय पाठवले की परत यायचे का? मी म्हटलं यायचे, लाल शाईने लिहून यायचे. तो म्हणाला, माझे चार झाले, प्रत्येकाला हिरवी टिक येते, सबमिटेड, आणि त्याच्यापुढे काही नाही. कोणी बघतं का नाही तेच कळत नाय. बरोबर करतोय का चूक करतोय.

मी त्याला काय सांगणार होते. म्हटलं, फोटो काढून मला पाठव. बाई, ते सांख्यिकीचं आहे. म्हटलं पाठव तू, मी बघते, मला नाही आलं तर मी वाचून काढते.

काल रात्री पावणेबाराला आला, सेकंड शिफ्ट सुटल्यावर खोलीत बसून काढलेला असणार, ट्यूबलाइट पानावर चकाकतेय. प्रमाण विचलनाचं गणित आहे, तीन पानं, आणि कोपऱ्यावर अंगठा. दुसऱ्या पानावर सहाव्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आहे आणि तिथे पट्टीने आखून रेघ मारलीये. सातव्या ओळीपासून मला लिहायचंय, त्याची आज पण सेकंड शिफ्टच आहे, अडीचला निघतो तो, त्याच्या आत पाठवते.